सीट नवी घ्याल हो, पण तिला धरणार कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ओहायोत राहणाऱ्या एका गृहस्थांनी 1976ची 26 फुटी जीएमसी मोटरहोम, म्हणजे आतच झोपायची-जेवायची सोय असलेली गाडी, घेतली आहे. पुढची पॅसेंजर सीट फाटलेली आहे, फिरवली की डुगडुगते आणि तिला फक्त कमरेचा पट्टा आहे. मागे भिंतीला लागून सोफा आणि जेवणाच्या टेबलाला समोरासमोर दोन बाकं. मुलं 5 आणि 9 वर्षांची, जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून येणार, सगळ्यांना घेऊन मिशिगनच्या उत्तरेकडच्या भागात, अप्पर पेनिन्सुलाला जायचा बेत. जंकयार्डमध्ये, म्हणजे मोडीतल्या गाड्यांच्या आवारात, मिनीव्हॅनच्या सीट्स पट्ट्यासकट स्वस्तात मिळताहेत. त्या फ्लोअरला बोल्ट केल्या आणि खालून मोठे वॉशर टाकले, तर काम होईल का?

आधी गाडीबद्दल अभिनंदन. ही गाडी आमच्या शेजारच्या पॉन्टियॅक गावची, 1973 ते 1978 एवढीच बनली. ओल्डस्मोबिल टोरोनाडो या मोटारीचं इंजिन आणि पुढच्या चाकांचा ड्राइव्ह असल्यामुळे खालून लांब शाफ्ट जात नाही, म्हणून तिचा फ्लोअर इतका खाली आहे. आई-बाबांना चढायला त्रास होणार नाही. हे लक्षात ठेवा, कारण नवीन सीट उंच झाली तर हा फायदा तुम्ही स्वतःच्या हाताने घालवाल.

आता उत्तर. मोठे वॉशर टाकून भागणार नाही. का नाही, हे नीट सांगतो. मी भोसरीत सीट बनवणाऱ्या कारखान्यात सुरुवात केली आणि गेली वीसेक वर्षं इकडे मिशिगनमध्ये सीट आणि पट्टे ओढून तोडण्याच्या लॅबमध्ये आहे. शनिवार-रविवार जुन्या मोटरहोम्सच्या खाली लोळत असतो. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते: लोक सीट निवडण्यात तीन महिने घालवतात आणि ती बसवण्यात एक दुपार.

तुम्ही विचारलंय सीटबद्दल, पण घोडं पेंड खातंय ते फ्लोअरपाशी. सीटचं काम माणसाला आरामात बसवायचं. अपघातात तिचं काम वेगळं असतं: माणसाचं वजन पट्ट्यातून, सांगाड्यातून, बोल्टमधून गाडीच्या लोखंडापर्यंत पोचवायचं. या साखळीत एक कडी लाकडाची असेल तर बाकीच्या कितीही भारी असल्या तरी उपयोग नाही. तुमच्या गाडीचा फ्लोअर प्लायवूडचा आहे, तोही पन्नास वर्षांचा.

अमेरिकेत पट्टा जिथे अडकवतात त्या जागेसाठी एफएमव्हीएसएस 210 नावाचं मानक आहे. खांद्याचा आणि कमरेचा असे दोन्ही पट्टे असतील तर प्रत्येकावर 3,000 पौंड, म्हणजे साधारण 1,360 किलो ओढ द्यायची. दोन्हींवर एकाच वेळी, आणि ती दहा सेकंद टिकली पाहिजे. फक्त कमरेचा पट्टा असेल तर 5,000 पौंड. आपल्याकडच्या मापात सांगायचं तर एका खांद्याच्या पट्ट्याला दोन मारुती 800 टांगायच्या आणि कमरेच्या पट्ट्याला आणखी दोन. शिवाय सीटचं स्वतःचं वजन पुढे झेपावतं, त्यासाठी 207 नंबरच्या मानकात सीटच्या वजनाच्या वीसपट ओढ धरतात. 25 किलोची सीट म्हणजे आणखी 500 किलो.

मिनीव्हॅनच्या ज्या सीटमध्ये खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीतूनच निघतो, तिथे हे सगळं ओझं चार बोल्टवर येतं. ढोबळ हिशेब करून बघा. खांद्याची ओढ फ्लोअरपासून 95 सेंटिमीटरवर, कमरेची 35 सेंटिमीटरवर, पुढच्या आणि मागच्या बोल्टमध्ये अंतर 40 सेंटिमीटर. सीट पुढच्या बोल्टवर उलटायला बघते आणि मागचे दोन बोल्ट तिला धरून ठेवतात. 1,360 गुणिले 130, भागिले 40. उत्तर येतं 4,420 किलो, म्हणजे मागच्या प्रत्येक बोल्टवर सरळ वरच्या दिशेने दोन हजार किलोपेक्षा जास्त. चांगला 7/16 इंची बोल्ट हे सहज सोसतो. बोल्ट तुटत नाही, तो वॉशरसकट प्लायमधून वर येतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझी पहिली जुनी मोटरहोम घेतली तेव्हा मीही तेच केलं होतं. रोज लॅबमध्ये हे काम करणारा माणूस, पण स्वतःच्या गाडीत दोन इंची वॉशर टाकून मोकळा. बायको बसायच्या आधी एक मित्र म्हणाला, ‘अरे, एकदा ओढून तरी बघ.’ मग हाताने फिरवायचा विंच, मागे माझा ट्रक आणि मध्ये वजन दाखवणारा सेल लावला. प्लाय वरून ठणठणीत दिसत होतं. सहाशे किलोच्या आसपास जाड पापड मोडावा तसा आवाज आला, मागचे दोन्ही वॉशर लाकडात बुडाले आणि सीट हळूच नमस्कार केल्यासारखी पुढे झुकली. दोन्ही पट्ट्यांचं मिळून 2,720 किलोचं काम आणि सहाशेला खेळ खलास. (तुम्ही हे घरी करू नका. ताणलेली साखळी सुटली तर पाय जातो. आम्ही गाडीच्या पलीकडे उभे होतो.)

म्हणून पहिलं काम सीटचं नाही. गाडी समतल जागेवर घ्या, जॅकच्या भरवशावर न राहता घोड्या लावा आणि खाली जा. बरोबर एक जाड टोच्या न्या. सीटच्या खालची, दाराजवळची आणि खिडक्यांच्या खालची जागा टोचून बघा. या गाड्यांच्या खिडक्या गळतात आणि पाणी कार्पेटखाली मुरत राहतं. टोच्या अर्धा इंच सहज आत गेला तर तिथलं प्लाय बदलावंच लागेल. त्यानंतरच पुढचं बोलू.

मग नीट काम कसं करायचं? इथे ‘अवलंबून आहे’ म्हणावं लागतं, कारण पन्नास वर्षांत आधीच्या मालकांनी खाली काय काय कापलं-जोडलंय ते फोटोशिवाय मला कळणार नाही. पण तत्त्व असं: सीटचे बोल्ट प्लायमधून आरपार खाली जाऊन आडव्या स्टीलच्या चॅनेलमध्ये (पन्हळीसारख्या जाड पट्टीत) घट्ट व्हायला हवेत आणि त्या चॅनेलने चेसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, पुढून मागे जाणाऱ्या दोन रेल्सशी नातं जोडायला हवं. प्लाय मध्ये फक्त सँडविचमधल्या काकडीसारखं.

बारकावे तीन. पहिला, प्लाय दाबलं जातं, वाळतं, आणि सहा महिन्यांत बोल्ट सैल पडतो. म्हणून भोक थोडं मोठं पाडून त्यात प्लायच्या जाडीइतका स्टीलच्या नळीचा तुकडा घालायचा. बोल्ट नळीवर आवळला जातो, लाकडावर नाही. दोन डॉलरची वस्तू, पण मी बघितलेल्या दहातल्या नऊ गाड्यांत नसते.

दुसरा, तुमच्या गाडीची बॉडी चेसीवर रबरी पॅड्सवर बसलेली आहे. दोघी थोड्या वेगवेगळ्या हलतात, तशाच हलायला हव्यात. चॅनेल बॉडीलाही आणि रेललाही करकचून जोडलं तर वर्षभरात कुठेतरी तडा जातो, निदान कुरकुर तरी सुरू होते. मी चॅनेल बॉडीच्या बाजूला पक्कं करतो आणि त्याची टोकं रेलच्या खालच्या बाजूला आकड्यासारखी नेतो, मध्ये रबराची पट्टी आणि थोडी फट ठेवतो. रोजच्या चालण्यात ती टेकत नाहीत. अपघातात बॉडी वर उचलली जायला लागली की रेलला अडकतात. हे वाचून सोपं वाटेल, पण यात चॅनेलची जाडी आणि वेल्डची लांबी हिशेबाने ठरते. चांगला फॅब्रिकेटर आणि एकदा तरी इंजिनिअरची नजर, दोन्ही हवं. रेलच्या वरच्या-खालच्या पात्यात भोकं पाडू देऊ नका, पाडायचंच तर मधल्या उभ्या भागात. आणि वेल्डिंगची ठिणगी उडण्याआधी पेट्रोलच्या टाक्या, गॅसची लाइन आणि वायरिंग कुठून जातंय ते बघा. टाकी जवळ असेल तर ती उतरवायची, ओलं फडकं टाकून भागवायचं नाही.

तिसरा, या गाडीच्या बॉडीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे. नवीन स्टील त्याला थेट चिकटवलं तर इकडे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाच्या पाण्यात ॲल्युमिनियम पांढरी पावडर होऊन जातं. मध्ये रंग आणि न गंजणारी पट्टी हवीच.

सीटच्या खांबाचं डुगडुगणं वेगळं तपासा. फिरणाऱ्या सीटमध्ये बेअरिंग आणि लॉक अशा दोन जागा झिजतात. सीट पुढे तोंड करून लॉक करा, पाठीचा वरचा कोपरा धरून पुढे-मागे हलवा आणि कोणालातरी खाली बॅटरी घेऊन बघायला सांगा. हालचाल फ्लोअरपाशी दिसली तर प्लायचं दुखणं, खांबाच्या मध्यावर दिसली तर बेअरिंगचं. लॉकची पिन घासून गोल झाली असेल तर तो खांब भंगारात द्या. तिला वेल्डचा ठिपका देऊन परत वापरणारे पाहिलेत, त्यांच्या गाडीत मी बसत नाही.

आता जंकयार्डच्या सीटकडे. स्वस्त मिळतात हे खरं, चांगल्या असतात हेही खरं. पण नवीन गाड्यांच्या सीटमध्ये दारूगोळा असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पाठीच्या बाहेरच्या बाजूला छोटी एअरबॅग, बकलच्या मुळाशी पट्टा झटक्यात आवळणारा प्रिटेन्शनर. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले की समजायचं. ती कव्हर कापायची, तिथे ड्रिल मारायचं किंवा वायरला बॅटरी लावून ‘मोटर चालते का’ बघायचं, यातलं काहीही करू नका.

त्याहून महत्त्वाची गोष्ट दिसत नाही. नवीन गाड्यांच्या पुढच्या पट्ट्यांत बहुतेक वेळा लोड लिमिटर असतो. ठरावीक ओढीनंतर तो मुद्दाम पट्टा थोडा थोडा सोडतो, म्हणजे बरगड्या मोडत नाहीत आणि माणूस अलगद पुढे एअरबॅगमध्ये जातो. तुमच्या गाडीत एअरबॅग कुठे आहे? समोर 1976चा डॅशबोर्ड आणि काच. त्यामुळे तोच उत्तम पट्टा इथे माणसाला पुढे नेऊन आपटवेल. एका गाडीतला सुरक्षित भाग दुसऱ्या गाडीत सुरक्षित राहतोच असं नाही, हे मी नवीन पोरांना लॅबमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतो.

म्हणून माझा सल्ला: सीट हवी तर यार्डातून घ्या, एअरबॅग नसलेली, पण पट्टा नवीन घ्या. जुन्या गाड्यांसाठी नवीन तीन-बिंदू पट्टे (कमरेचा आणि खांद्याचा एकत्र) विकणारे बरेच आहेत. पट्ट्यावर एफएमव्हीएसएस 209चं लेबल शिवलेलं असतं, ते बघूनच पैसे द्या. यार्डातला पट्टा घ्यावासा वाटलाच तर पूर्ण बाहेर ओढा. ज्या कडीतून तो वळतो तिथे वितळल्यासारखी चकाकी किंवा लाटा दिसल्या तर त्या पट्ट्याने एक अपघात झेललेला आहे. त्याचं आयुष्य संपलं.

रिट्रॅक्टर, म्हणजे पट्टा गुंडाळून ठेवणारी डबी, बसवण्यात तर हमखास चूक होते. त्याच्या आत एक छोटी गोळी किंवा लोलक असतो. गाडीला 0.7 जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या सात दशांश) धक्का बसला की तो इंचभर पट्टा सुटायच्या आत लॉक करतो. हातात रिट्रॅक्टर घेऊन पट्टा सावकाश ओढा, मग मनगट तिरकं करा. एका कोनावर ‘टक’ होऊन पट्टा अडतो. म्हणजे तो कुठल्याही कोनात चालत नाही, ज्या कोनासाठी बनवलाय त्यातच बसवायचा. आडव्या जागेसाठीचा उभ्या खांबावर लावला तर एकतर सारखा अडकेल, किंवा हवा तेव्हा अडकणार नाही. पट्ट्याच्या टोकाची पट्टी बोल्टभोवती मोकळी फिरायला हवी, म्हणून त्या बोल्टला डोक्याखाली जाड गुळगुळीत खांदा असतो आणि खाली लाटेसारखा वॉशर. हार्डवेअरच्या दुकानातला चकचकीत स्टेनलेस बोल्ट तिथे नको. ग्रेड 8चा हवा, त्याच्या डोक्यावर सहा रेघा असतात.

पट्ट्याचा मार्गही बघा. कमरेचा भाग मांडीच्या सांध्यावरून खाली-मागे उतरायला हवा. मानकात 30 ते 75 अंश चालतात, मी 45 ते 60मध्ये ठेवतो. फार सपाट ठेवला तर माणूस पट्ट्याखालून घसरतो आणि पट्टा पोटात रुततो. खांद्याचा पट्टा खांद्याच्या पातळीला किंवा जरा वरून यायला हवा. ‘वर अडकवायला जागा नाही’ म्हणून काही जण तो सीटच्या पाठीवरून थेट मागच्या फ्लोअरला बांधतात. अपघातात तो माणसाला खाली दाबतो आणि मणका चेंगरतो. खांद्याचा पट्टा इतका वाईट बसवण्यापेक्षा एकवेळ नुसता कमरेचा बरा. पॅसेंजर सीटला म्हणूनच पट्टा अंगात असलेली सीट सोयीची पडते. क्रायस्लर सेब्रिंग कन्व्हर्टिबलच्या पुढच्या सीट्स जुन्या गाड्यांवाल्यांच्या आवडीच्या आहेत, छप्पर नसल्यामुळे त्यांचा पट्टा पाठीतच आहे. पण मग वरचा चार बोल्टचा हिशेब पुन्हा वाचा. ती सीट घेतलीत तर खालचं स्टीलचं काम टाळता येणार नाही, आणि तिच्या पट्ट्यात लोड लिमिटर आहे का तेही आधी शोधावं लागेल.

फोम आणि कव्हरबद्दल फार बोलत नाही. फक्त घरच्या सोफ्याचं कापड लावू नका. गाडीतल्या कापडासाठी 302 मानक आहे, मिनिटाला चार इंचांपेक्षा वेगाने जळता कामा नये. कापड विकणाऱ्याकडून तसं लेखी घ्या. मोटरहोममध्ये पाठीमागेच गॅसची शेगडी असते, हे विसरू नका.

मुलांचं मात्र जरा कठोरपणे सांगतो. 5 वर्षांच्या मुलाची हार्नेसवाली सीट नुसत्या कमरेच्या पट्ट्यानेही बसवता येते, तिच्या पुस्तिकेत तशी परवानगी असेल तर. वरचा टेदर (मुलाच्या सीटचा वरचा भाग मागे बांधणारा पट्टा) अडकवायला पक्की जागा लागेल, तीही स्टीलमध्ये. 9 वर्षांचा मुलगा बूस्टरवर (उंची वाढवणाऱ्या बैठकीवर) असेल तर त्याला खांद्याचा पट्टा हवाच, नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर कधीही नाही. आणि दोन्ही फक्त पुढे तोंड असलेल्या बाकावर. उलट्या बाकावर नाही, भिंतीकडच्या सोफ्यावर तर मुळीच नाही. सोफ्यावर मोठ्यांनीही चालत्या गाडीत बसू नये असं माझं मत आहे, पट्टा असला तरी. आडवं बसलेल्या माणसाची मान आणि कंबर समोरून आलेल्या धक्क्यासाठी बनलेली नाही.

आता ते पुढे तोंडाचं बाक उघडून बघा. गादी उचलली की खाली पातळ प्लायची पेटी दिसेल, स्टेपल मारलेली, आत चादरी. त्या पेटीला पट्टा लावणं म्हणजे मुलाला खोक्याला बांधणं. तिथे स्टीलची चौकट लागते: पेटीच्या आत चार पाय, पाठीमागे खांद्याच्या पट्ट्यासाठी आडवी दांडी, आणि पाय पुढच्या सीटसारखेच चॅनेलमधून चेसीकडे. त्या बाकामागे काय आहे तेही पाहा. एखाद्या कपाटात डब्यांचा ढीग असेल तर अपघातात तोही मुलांच्या डोक्यावर येणार.

कायद्याचं थोडं. 1976मध्ये दहा हजार पौंडांवरच्या अशा गाड्यांना फक्त कमरेचा पट्टा देण्याची मुभा होती, म्हणून तुमच्या गाडीत तसा आहे, तो काही कोणी काढून टाकलेला नाही. हे संघीय नियम गाडी बनवणाऱ्याला लागतात. मालकाने स्वतः बदल केला तर त्यांची थेट आडकाठी नाही, पण असलेली सुरक्षा निकामी करायला गॅरेजवाल्याला मनाई आहे. त्यामुळे एखादं गॅरेज काम नाकारेल, तर त्याच्यावर चिडू नका. कोणी कुठे पट्टा लावायचा हे राज्याप्रमाणे बदलतं. तुम्ही ओहायोतून मिशिगनमध्ये येणार, दोन्हीकडचं बघून ठेवा. विमा कंपनीला आधी कळवा आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो जपा.

आता जूनचं. आज एप्रिल संपत आलाय. प्लाय तपासणं, चॅनेल बनवून घेणं, सीट, पट्टे, मुलांचं बाक, हे सगळं जूनपर्यंत घाईघाईत उरकू नका. या उन्हाळ्यासाठी पुढच्या दोन जागा पक्क्या करा. मोटरहोम तुम्ही चालवा, शेजारी बाबांना बसवा, त्यांना ती गंमत वाटेल. आई, तुमच्या मिसेस आणि मुलं मागून तुमच्या नेहमीच्या गाडीत येतील, तिथे मुलांच्या सीट्स आधीच नीट बसवलेल्या आहेत. अप्पर पेनिन्सुलाला नेणारा मॅकिनॉ पूल ओलांडला की चहाला थांबा, चहा मोटरहोममध्येच करा. मागचं बाक हिवाळ्यात निवांत करू.

खाली गेलात की मला चार फोटो हवेत: पॅसेंजर सीटच्या बरोबर खालून एक, दोन्ही रेल्स एका चौकटीत येतील असा एक, सीटच्या खांबाचं मूळ कार्पेट बाजूला करून एक, आणि गादी काढलेल्या बाकाचा एक. शेजारी मोजपट्टी ठेवा, म्हणजे अंदाज बांधावा लागणार नाही. आणि सध्याच्या सीटचे बोल्ट घाईने काढू नका. ते आत्ता किती सैल आहेत, तेही मला बघायचंय.